आंब्याची कलमं परत दिली तर देव परत येईल का?

तुमचा प्रश्न लांब आहे. सगळ्यांनी तो पूर्ण वाचला असेलच असं नाही, म्हणून आधी मला समजला तसा थोडक्यात मांडतो. देवगड तालुक्यात तुमची वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. आई आधीच गेली होती, वडील गेल्यावर सातबारावर तुमचं आणि धाकट्या बहिणीचं नाव लागलं. आठ वर्षांपूर्वी तुम्ही तिच्याकडून हक्कसोड करून घेतलीत. ‘नाव फक्त कागदावरून कमी होतंय, आंब्याचे पैसे दरवर्षी तुझे तुला घरपोच येतील,’ असं तिला सांगितलंत आणि सांगतानाच ते खरं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी चार पेट्या गेल्या, पुढे त्याही थांबल्या. मग तिचे यजमान वारले. मुलाच्या फीसाठी तिनं पैसे मागितले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘सही तर तूच केली आहेस.’

तेव्हापासून देवघर सुनं झालं, असं तुम्ही लिहिता. पूर्वी दिवेलागणीला निरांजन लावलं की समोर कुणीतरी बसलंय असं वाटायचं, आता नुसती तसबीर दिसते. कुणकेश्वराला अभिषेक झाला. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलात. कुणी पितृदोष काढला, त्याची शांत करून झाली. गावच्या देवळात कौल लावून देवाची मर्जी विचारलीत. फरक पडला नाही. आता विचारता की देव मला परत जवळ घेईल का, आणि आषाढीला पंढरपूरला गेलो तर काही उपयोग होईल का.

मी नारदीय परंपरेतलं कीर्तन करतो. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीच्या खालच्या अंगाला बरीच वर्षं फिरतोय. कीर्तन संपलं, बुक्का लावून झाला की माणसं पांगतात. एखादा मात्र मागे रेंगाळतो. पेटी-तबला आवरून होईपर्यंत खांबाला टेकून थांबतो आणि मग बोलतो. तो जे बोलतो ते बहुतेक वेळा तुमच्या प्रश्नाच्याच जातीचं असतं, फक्त बागेच्या जागी दुसरं काही. तेव्हा हे उत्तर अशा माणसांचं ऐकून तयार झालेलं आहे. ते शास्त्र्याचं नाही आणि वकिलाचं तर नाहीच.

सुरुवातीलाच एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या प्रश्नात अभिषेक, वाडी, शांत आणि कौल यांनीच निम्म्याहून जास्त जागा घेतली आहे. बहीण तीन-चार ओळींत येते आणि निघून जाते. ती आता कशी आहे, त्या फीचं शेवटी काय झालं, यातलं काहीच त्यात नाही. देव कुठे गेला याची चौकशी तुम्ही दारोदार केलीत. बहिणीच्या दारात मात्र गेला नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे. देव जवळ नाही असं वाटून जीव कासावीस होणं हे देवानं टाकल्याचं लक्षण आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. आमच्या परंपरेत ते उलट वाचतात. नारदांच्या भक्तिसूत्रांत भक्ती कशाला म्हणावं यावर आधी इतरांची मतं दिली आहेत. पराशरपुत्र व्यास म्हणतात पूजेची आवड, गर्ग म्हणतात कथेची आवड, शांडिल्यांचं आणखी वेगळं मत. मग नारद स्वतःचं सांगतात, आणि त्याचे दोन भाग आहेत: आपलं सगळं आचरण त्याला अर्पण करणं, आणि त्याचा विसर पडला तर अतिशय व्याकूळ होणं. म्हणजे ज्या तळमळीला तुम्ही शिक्षा समजताय तिला नारद भक्तीचीच खूण म्हणतात. ज्याला देवाचं काही पडलेलं नाही त्याचं देवघर रिकामं झालं तर त्याच्या ते ध्यानातही येत नाही. तो अगरबत्ती लावतो आणि बाजाराला जातो.

पण सूत्राचा पहिला भागही तिथेच आहे. सगळं आचरण, असं ते म्हणतात. त्यात पूजा आली तशी बागही आली, पेट्यांचा हिशेब आला, दुय्यम निबंधकांच्या कचेरीतल्या बाकावर बहिणीला बसवून जे बोललात तेही आलं. तुमच्याकडे दुसरा भाग भरपूर आहे. पहिल्यातून तुम्ही एक तुकडा बाजूला काढून ठेवलाय, आणि तेवढा सोडून देवानं बाकीचं घ्यावं अशी अपेक्षा आहे. माझ्या मते दुखतंय ते तिथे.

तळमळ म्हटली तरी ती सगळी एका मासल्याची नसते, हेही सांगायला हवं. मी माणसांना एक प्रश्न विचारतो: समजा कुणी तुम्हाला खात्री दिली की घरावर काही संकट येणार नाही, मुलाबाळांना काही होणार नाही, बागेला मोहर वेळेवर येईल. मग तुमचं हे दुःख संपेल का? पुष्कळांचं संपतं. त्यांना देव नको असतो, विमा हवा असतो. त्यात गैर काही नाही, संसारी माणूस भिणारच. पण त्यांचा इलाज वेगळा. तुमच्या लिहिण्यात कोपाची भीती कुठे दिसली नाही. तसबिरीत कुणी दिसत नाही, एवढंच तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणताय. म्हणून मी तुमचं दुःख खरं धरून पुढचं लिहितो.

याच्या उलटही एक प्रकार असतो, तो इथेच उरकतो. काहींना पाप लागलेलंच नसतं, नुसतं वाटत असतं. महिन्याच्या अडचणीत असताना चुकून देवाच्या दिव्याला हात लागला म्हणून वर्षभर झुरणारी बाई मला भेटली आहे. तिला कुणाची क्षमा मागायची गरज नव्हती, कुणीतरी ‘तू काही केलेलं नाहीस’ असं ठामपणे सांगायची गरज होती. तुमचं तसं नाही. तुम्ही केलंय.

नातेवाईक म्हणत असतील की बहिणीनं हक्क सोडायची आपल्याकडे रीतच आहे, त्यात पाप कसलं. रीत आहे, खरं. माहेर तुटू नये म्हणून पुष्कळ बायका सही करतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापामागे मुलीला वारस केलं, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीला आणलं, तरी गावात अजून ‘ती काय, दिल्या घरची’ हेच चालतं. एखादी बहीण समजून-उमजून, आपखुशीनं सोडते तेव्हा भावानं घेतलं तर मी त्याला पापी म्हणणार नाही. तुमच्या बाबतीत तिनं सोडलेलंच नाही. दरवर्षी वाटा येणार या बोलीवर तिनं सही दिली. ती बोली तुम्ही मोडलीत आणि वर सहीचं खापर तिच्याच डोक्यावर फोडलंत. एवढ्या स्पष्ट शब्दांत हे तुम्ही स्वतःशी तरी बोलला आहात का?

आपल्याकडच्या रिवाजात कबुलीची जागा आहे, ती आपण कशी वापरतो ते पाहण्यासारखं आहे. देवळात गाऱ्हाणं घालताना मानकरी सगळ्या गावाच्या वतीनं बोलतो. शेवटी म्हणतो, ‘काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल म्हाराजा,’ आणि सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ मला हे मनापासून आवडतं. सगळं गाव देवापुढे उभं राहून आपलं चुकलं असेल म्हणतं, ही लहान गोष्ट नाही. पण त्या ‘चुकला-माकला’चा आडोसाही छान होतो. त्यात कुणाचं, काय, कधी, कुणाच्या बाबतीत चुकलं ते कुणालाच सांगावं लागत नाही. तुमच्या हातून काही चुकलं-माकलं नव्हतं. तुम्ही ठरवून केलंत. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्या घोळक्यात ते लपून राहिलं.

कौलाचंही तसंच. तुम्ही लिहिलंय की ‘देवाची काही सेवा राहिली आहे का’ असं विचारलंत, कौल उजवा आला, म्हणजे होकार मिळाला, मग सेवा केलीत. गुरव तुमच्या तोंडचाच प्रश्न देवापुढे ठेवतो, पदरचं काही घालत नाही. ‘बहिणीचा वाटा तिला देऊ का’ हे तुम्ही त्याच्या कानावर घातलंच नाहीत. आणि खरं म्हणजे या प्रश्नाला कौल लागतच नाही.

पितृदोषाबद्दल मी जास्त बोलत नाही. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांची असो. एवढंच म्हणेन की तुमच्या बाबतीत दोष पितरांचा काढणं सोयीचं होतं. त्यांना उलट बोलता येत नाही.

म्हणजे अभिषेक, तीर्थ, नामस्मरण सगळं फोल का? मुळीच नाही. पण क्रम असतो. धर्मशास्त्रात पापातून सुटायची साधनं सांगितली आहेत त्यांत आपण केलेलं उघडपणे सांगणं आणि पश्चात्ताप ही आधी येतात. तप आणि अध्ययन त्यांच्यानंतर, दान तर अडचणीत असलेल्याची सोय म्हणून. ‘पुन्हा असं करणार नाही’ म्हणून खरोखर थांबणं हेही लागतंच. पैसे मोजून होणारा भाग सोपा, म्हणून आपण त्याच्यापासून सुरुवात करतो. आमच्या मालवणी मुलखात मुसलमान शेजारीही आहेत, त्यांच्याकडे तौबेचा, म्हणजे पश्चात्तापाचा, नियम असा की दुसऱ्या माणसाचा हक्क मारला असेल तर तो परत केल्याशिवाय तौबा पुरी होत नाही. हिशेब सगळीकडे सारखाच लागतो.

इथे अजामिळाची गोष्ट आठवून कुणीतरी म्हणेल, ‘बुवा, तुम्हीच तर सांगता की एका नामानं तो तरला.’ सांगतो. पण आम्ही कीर्तनकार ती गोष्ट बहुधा अर्ध्यात सोडतो, कारण गजर तिथेच चांगला होतो. भागवताच्या सहाव्या स्कंधात ती पूर्ण आहे. कनोजचा ब्राह्मण, घर सोडून दासीपाशी राहिलेला, जुगार आणि फसवणूक करून पोट भरणारा. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी यमदूत समोर दिसले तेव्हा घाबरून त्यानं धाकट्या मुलाला ‘नारायणा’ म्हणून हाक मारली, विष्णुदूत धावले आणि त्यांनी त्याला सोडवलं. इथे टाळ्या पडतात. पण सुटल्यावर तो वैकुंठाला गेला नाही. तो तिथेच होता, त्याच खाटेवर, त्याच घरात. आणि मग तो रडू लागला. काय म्हणून रडला ते पाहा: दुसरं कुणी नसलेले माझे म्हातारे आईबाप, त्यांना मी टाकलं, तरुण बायको होती, तिला टाकलं. ‘माझं काही चुकलं असेल तर’ असं तो म्हणत नाही. माणसं नावानिशी समोर येतात. त्यानंतर सगळं सोडून तो गंगाद्वाराला गेला, तिथे साधनेत राहिला आणि मग पुढचं. नामानं त्याला वेळ मिळवून दिला, आणि त्या वेळात त्याला स्वतःकडे बघावं लागलं. तुमच्या रिकाम्या देवघराकडे मी तसंच पाहतो. तुम्हाला वेळ मिळालेला आहे.

वेंगुर्ल्याच्या एका ख्रिस्ती स्नेह्यामुळे मला बायबलातल्या दावीद राजाची गोष्ट नीट कळली, आणि ती तुमच्या प्रश्नाला इतकी लागू आहे की सांगतोच. राजानं आपल्या सैनिकाची बायको आपलीशी केली आणि ते झाकायला त्या सैनिकाला, उरियाला, लढाईत पुढे धाडून मरू दिलं. मग नाथान नावाचा संदेष्टा राजाकडे आला. त्यानं आरोप केला नाही, एक कज्जा सांगितला: एका श्रीमंताकडे शेरडं-मेंढरं पुष्कळ, गरिबाकडे एकच लाडकी मेंढी, पाहुणा आला तेव्हा श्रीमंतानं गरिबाची मेंढी कापली. राजा संतापून म्हणाला, असल्या माणसाला जगू देता कामा नये. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. या प्रसंगानंतरचं म्हणून जे एक्कावन्नावं स्तोत्र मानतात त्यात राजा काय मागतो? राज्य वाचव, असं नाही. मला तुझ्यापुढून घालवून देऊ नकोस, तुझ्या तारणाचा आनंद मला परत दे, असं मागतो. होमबलीनं तुझं समाधान होत नाही, नाहीतर तोही दिला असता, असंही म्हणतो. तुमच्या अभिषेकाबद्दल वाचताना मला हेच आठवत होतं.

त्या गोष्टीतली सगळ्यात कठीण बाब मात्र स्तोत्रात येत नाही. उरिया मेलेला होता. दाविदाला कितीही वाटलं तरी त्याच्या दारात जाऊन उभं राहता येणार नव्हतं. तुमची बहीण हयात आहे, एसटीनं दोन-तीन तासांवर आहे. देवानं तुम्हाला टाकलंय असं तुम्ही म्हणता तेव्हा मला हे पटत नाही ते यामुळे.

आता करायचं काय. यातलं बरंच परिस्थितीवर आहे, ते तुमचं तुम्हाला जुळवून घ्यावं लागेल.

आधी घरात बायकोला सांगा, सगळं. ‘सही तर तूच केली आहेस’ या वाक्यासकट. तुम्ही लिहिलंय की केलं ते घरच्यांसाठीच केलं. वाल्या कोळ्यानंही तेच समजून घरी जाऊन विचारलं होतं. तिचं उत्तर काही असो, बागेतला वाटा जाणार हे तिला परस्पर कळता कामा नये; नाहीतर एक फसवणूक निस्तरताना दुसरी होईल.

मग हिशेब. वहीत बसून आठ हंगामांचा करा. मोहर जळाला ती वर्षं जळालेलीच धरा, चांगली ती चांगली धरा. फवारणी, खत, राखण, काढणी, पेट्या, वाहतूक वजा करा, पण खर्च फुगवू नका. हा हिशेब तपासायला कुणी येणार नाही, म्हणून तो जास्त खरा असायला हवा. उरलं त्याचं अर्धं तिचं. एकदम देता येत नसेल तर हप्ते लिहून द्या, तोंडी बोली आता नको. जमिनीचं तर वकिलाकडूनच करा: तिचं नाव परत आणायला बक्षीसपत्र की आणखी काही, फेरफार कसा होईल, हे तुमच्या कागदांवर आहे. बाग तारण असेल तर बँकेला विचारल्याशिवाय काही हलणार नाही. पण कागद होईपर्यंत तिच्याकडे जायचं थांबू नका. ते आधी.

जाताना एकटे जा. मध्यस्थ नको, मामा नको, गावचा मानकरी नको. भाऊबीज, रक्षाबंधन, चतुर्थी यांपैकी कुठलाही दिवस नको. हातात ओवाळणीचं तबक असताना बाईला रागावता येत नाही, आणि तिला रागवायची मुभा असली पाहिजे. तिच्या पाया पडू नका. धाकटी बहीण आहे. दादा पायावर कोसळला तर ती घाबरून ‘असू दे रे दादा’ म्हणेल आणि तुम्ही तेवढ्यावर हलके होऊन परत याल. तुमच्या रडण्याची समजूत काढायचं काम तिच्यावर पडू देऊ नका.

बोलायचं थोडकं. मी तुला खोटं सांगून सही घेतली. सांगताना मला माहीत होतं. तू फीसाठी मागितलंस तेव्हा मी जे बोललो ते नीच होतं. तुझा वाटा परत करतोय, हा त्याचा हिशेब. बस्स. ‘तेव्हा घराचं काम निघालं होतं’, ‘तुझ्या वहिनीचं आजारपण होतं’ हे खरं असलं तरी त्या दिवशी नको. आणि देवघर रिकामं वाटतं म्हणून आलो, हे तर अजिबात सांगू नका. ते ऐकून तिला वाटेल की आपण दादाच्या शांतीतला आणखी एक विधी आहोत, आणि तिचं चुकणार नाही.

ती काय करेल ते कुणी सांगावं? रडेल, गप्प बसेल, हाकलेल, ‘मला काही नको’ म्हणेल. ‘नको’ म्हणाली तरी हिशेबाचा कागद तिथे ठेवून या आणि जमिनीचं पुढे चालवा. आठ वर्षांपूर्वी तिच्या ‘हो’चा तुम्ही फायदा घेतलात, आता तिच्या ‘नको’चा घेऊ नका. क्षमा केलीस का असं विचारू नका. ते देणं-न देणं तिचं आहे आणि त्याला मुदत नाही. मालवणकडचे एक गृहस्थ रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याचा, हिशेब ठेवायचे, त्यात त्यांनी वाटेकऱ्यांचे पैसे वर्षानुवर्षं खाल्ले. शेवटी सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावून त्यांनी ते सांगितलं आणि फेडलं. बहुतेकांनी शिव्या घातल्या आणि पैसे घेऊन विषय संपवला. एकजण मात्र आजतागायत त्यांच्याशी बोलत नाही, भजनाला दोघे एकाच सतरंजीवर बसतात तरी. त्या गृहस्थांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘त्याचा बरोबर आसा.’

मग देव परत येईल का? इथे मी हातचं राखून बोलणार आहे, कारण माणसागणिक वेगळं पाहिलंय. कुणाला त्याच संध्याकाळी मोकळं वाटतं. कुणाला पुष्कळ दिवस काहीच वाटत नाही, उलट आता कबूल केल्यावर लाज जास्त टोचते. पूर्वी दिव्यापुढे जसं वाटायचं तसंच हुबेहूब परत येईल अशी वाट बघाल तर बहुधा निराश व्हाल. ते सुख एका निष्पाप माणसाचं होतं. आता येईल ते आपण काय करू शकतो हे माहीत झालेल्या माणसाचं असेल. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की अत्यंत दुराचारी माणूसही मला अनन्यपणे भजू लागला तर त्याला साधूच समजावं, कारण त्याचा निश्चय योग्य आहे. तिथे मोजतात तो निश्चय. त्या क्षणी त्याला आत काय वाटत होतं याची चौकशी नाही.

म्हणून रोज संध्याकाळी नाडी बघितल्यासारखं ‘आलं का, आलं का’ करू नका. मी अशा माणसाला देवघरात एकटं बसण्यापेक्षा गावच्या भजनी सप्ताहात उभं राहायला सांगतो. आपल्याकडे सप्ताहात वाडीवार पाळ्या असतात, भजन खंडित होऊ द्यायचं नसतं. रात्री दोन-अडीचच्या पाळीला देवळात चार-सहा माणसं उरतात. झांज वाजवणाऱ्याचे डोळे मिटत असतात, समईत कुणीतरी तेल घालून जातो, बाहेर पाऊस. तिथे तुम्हाला भक्तिभाव दाटून आलाय का हे कुणी विचारत नाही. तुमची पाळी आहे आणि नाम तुटता कामा नये, एवढंच. ज्याला काही वाटत नाही अशा माणसाला ती जागा फार चांगली.

आणि परत चुकाल, हेही गृहीत धरा. हप्ता लांबेल, मनात येईल की अर्धं जरा जास्तच होतंय. कुडाळ तालुक्यातल्या माणगावचे टेंबे स्वामी, १८५४ चा जन्म, नियमांना अत्यंत कडक संन्यासी. पण त्यांची करुणात्रिपदी दत्तमंदिरात म्हणताना लक्ष देऊन ऐका: दंड केलास तर तो योग्यच आहे, तरी आम्ही पुन्हा चुकतो, म्हणून रागावू नकोस, अशी विनवणी तिच्यात आहे. एवढ्या कडक माणसानं ही जागा मोकळी ठेवली आहे. तुम्ही वाडीला गेला होतात तेव्हा ती कानावरून गेली असेल.

एक व्यवहाराची सूचना. झोप उडाली आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. झोप, जेवण दोन्ही जात असेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील तर त्याला पापाचं फळ समजून सोसत बसू नका. डॉक्टरला दाखवा. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, तिथे दाखवायला गेल्यानं कुणी वेडा ठरत नाही. औषध घेतल्यानं पश्चात्ताप खोटा पडत नाही, उलट बहिणीसमोर धड बोलता येईल.

राहता राहिलं पंढरपूर. जा की. आषाढीत तिथे सगळ्या तऱ्हेची माणसं येतात, तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण बहिणीकडे आधी जा, आणि कागद व्हायचे असले तरी बोलणं झालेलं असू द्या. ती सोबत येईल का असं विचारू नका, निदान या वर्षी. आणि बागेवर कर्ज आहे की नाही ते इथे खाली लिहा; इथे दोन-तीन वकील मंडळी नेहमी उत्तरं देतात, त्यांना कागदाचा क्रम नीट सांगता येईल.